सामायिक भौगोलिक विदेचे परिरक्षण

मोठ्या संस्थेच्या अनेक शाखा ज्या एकाच भौगोलिक माहितीवर विसंबून काम करतात, ती माहिती एके ठिकाणी राखणे, जमिनीवर होणारे बदल तिच्यात वेळेवर उतरवणे आणि प्रत्येक शाखेला ती खात्रीच्या स्वरूपात मिळू देणे, या कामाला सामायिक भौगोलिक विदेचे परिरक्षण म्हणतात. विदा म्हणजे रोजच्या बोलण्यातील डेटा. गावांच्या शिवा, शेतांचे गट, रस्ते, जलवाहिन्या, विहिरी यांच्या आकृत्या आणि त्या आकृत्यांना जोडलेली कोष्टकातील माहिती, असे तिचे दुहेरी स्वरूप असते. ‘परिरक्षण’ हा शब्द महाराष्ट्राच्या भूमि अभिलेख विभागात रुळलेला आहे. नगर भूमापन झालेल्या हद्दीत मिळकत पत्रिका आणि नकाशे अद्ययावत ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याचे पदनामच ‘परिरक्षण भूमापक’ असे आहे. नकाशा तयार करणे आणि तो राखणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे या पदनामात स्पष्टपणे मान्य केलेले आहे. संगणकीय प्रणाली उभारताना मात्र नेमका हाच भेद वारंवार विसरला जातो.

मोजणीची मोहीम एकदा होते. तिला निधी मिळतो, मुदत असते आणि ती पुरी झाल्याचे जाहीरही करता येते. राखणीला शेवट नसतो. वाटण्या होतात, रस्ते रुंद होतात, ओढे वळवले जातात, गावे शहरात येतात, आणि यातला प्रत्येक बदल कोणीतरी, कोणत्या तरी कागदाच्या आधारे, नकाशात घ्यावा लागतो. त्यामुळे परिरक्षणाचा प्रश्न संगणकीय आज्ञावलीचा असतो त्यापेक्षा अधिक जबाबदारीच्या वाटपाचा असतो: नकाशाचा कोणता थर (रस्ते, शिवा, विहिरी अशी एकेका प्रकारची माहिती) कोणत्या शाखेचा, बदल करण्याचा अधिकार कोणाला, तो तपासणार कोण आणि इतरांना तो कधी दिसणार.

महाराष्ट्रातील जमिनीच्या अभिलेखात हा प्रश्न फार जवळून पाहता येतो. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीची घडी १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यापासून बसवली. या मोजणीची शंकू साखळी ३३ फुटांची, आणि तिचे भाग १६ आणे. म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. प्रत्येक सर्व्हे नंबराचे एक टिपण असे. टिपण प्रमाणात काढलेले नसते, परंतु शेताच्या बांधांची मापे त्यावर साखळ्या-आण्यांत लिहिलेली असतात. गावाचा नकाशा हे त्याच मोजणीचे लहान प्रमाणातील चित्र होय. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर ५ मीटर जागा व्यापते, तर टिपणातील माप आण्यापर्यंत जाते. म्हणून संगणकीय नकाशा करताना गावनकाशाचा कागद नुसता गिरवला की मूळ मोजणीतली बारकाई हरवते, आणि टिपणांतील मापांवरून एकेक आकृती पुन्हा बांधत गेल्यास ती बरीचशी टिकते. दुसरा मार्ग अतिशय वेळखाऊ आहे. तरीही हद्दीच्या वादात उपयोगी पडणारा नकाशा त्याच मार्गाने मिळतो.

या व्यवस्थेत माहिती दोन हातांत विभागलेली आहे. अधिकार अभिलेख, म्हणजे सातबारा आणि त्यामागची फेरफार नोंदवही, गावपातळीवर तलाठी सांभाळतो. नकाशे, टिपणे आणि आकारबंद, म्हणजे गावातील प्रत्येक नंबराचे क्षेत्र व आकार (शेतसारा) नोंदवणारा तक्ता, उप अधीक्षक भूमि अभिलेख यांच्या तालुका कार्यालयात असतात. दोन्हींना जोडणारी कागदपत्रेही ठरलेली आहेत. पोटहिश्श्याची मोजणी झाली की क्षेत्र व सारा हिश्श्यांत वाटून दाखवणारे आकारफोड पत्रक होते. भूसंपादनासारख्या कारणाने क्षेत्र किंवा आकार बदलला की कमी-जास्त पत्रक, म्हणजे कार्यालयीन बोलीत ‘कजाप’, तयार होते आणि त्याच्या आधारे नकाशा व सातबारा दोन्ही दुरुस्त व्हायचे असतात. आजच्या भाषेत सांगायचे तर कजाप ही बदलाची अधिकृत आज्ञा होय: जुने क्षेत्र किती, नवे किती, फरक कशामुळे आणि कोणाच्या मंजुरीने, हे सारे ती एका कागदावर बांधते. गावातील सातबाऱ्यांच्या क्षेत्रांची बेरीज आकारबंदाशी जुळली पाहिजे, हा नियम म्हणजे विदेच्या शुद्धतेची जुनी आणि भक्कम कसोटी आहे.

तरीही दोन्ही बाजूंचा वेग सारखा राहत नाही. वारसाने किंवा खरेदीखताने सातबारा बदलतो. त्यासाठी प्रत्यक्ष बांधावर जावे लागतेच असे नाही. नकाशातील रेघ मात्र मोजणी झाल्याशिवाय हलत नाही, आणि मोजणीसाठी अर्ज, शुल्क, भूकरमापकाची तारीख, लगतच्या खातेदारांना नोटीस असा क्रम असतो. परिणामी सातबाऱ्यावर एका गटाचे चार पोटहिस्से दिसतात आणि नकाशावर तो गट अखंडच राहतो. भावांनी बांध घातलेला असतो, वहिवाट वर्षानुवर्षे वेगळी असते, पण त्या बांधाला नकाशात जागा नसते. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली ज्या गावांत योजना राबवली गेली तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ घालणारे आणखी एक कोष्टक जपावे लागते. ही तफावत एखाद्या कर्मचाऱ्याच्या चुकीतून येत नाही. एकाच वस्तूच्या दोन नोंदी दोन वेगळ्या कारणांनी बदलू शकतात, या रचनेतूनच ती येते. वीज, पाणीपुरवठा किंवा वन यांसारख्या ज्या ज्या क्षेत्रात कोष्टक एकीकडे आणि नकाशा दुसरीकडे असतो, तेथे हाच अनुभव येतो.

यावरचा पहिला उपाय म्हणजे प्रत्येक वस्तूला न बदलणारी ओळख देणे. गट क्रमांक गावापुरताच एकमेव असतो, आणि नाव तर मुळीच ओळख होऊ शकत नाही. औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले तेव्हा ज्या कोष्टकांची जोडणी नावावर आधारलेली होती ती तुटली. ज्यांची जोडणी सांकेतांकावर होती तेथे केवळ एका रकान्यातील मजकूर बदलावा लागला. केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतील सांकेतांक याच गरजेतून आले. जमिनीच्या तुकड्यांसाठी भारतात १४ अंकी भू-आधार क्रमांक योजला आहे. तुकडा फुटला की जुना क्रमांक बंद करून नव्या हिश्श्यांना नवे क्रमांक द्यावेत आणि कोण कोणापासून निघाले ती वंशावळ जपावी, हे येथे महत्त्वाचे ठरते. जुनाच क्रमांक एका हिश्श्याला चिकटवून ठेवला तर मागचे सर्व दस्त चुकीच्या आकृतीकडे बोट दाखवू लागतात.

दुसरी अडचण स्थाननिर्देशाच्या चौकटीची. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या गणिती प्रतिरूपावर, आधारलेले आहेत, तर उपग्रहाधारित यंत्रे डब्ल्यूजीएस ८४ या चौकटीत स्थान सांगतात. रूपांतर न करता दोन्ही एकमेकांवर ठेवले तर रस्ता शेतात जातो आणि विहीर रस्त्यावर येते. चौकट एकच असली तरी प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर कशी उतरवायची याचा, प्रश्न उरतो. पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे विभाग पाडणाऱ्या यूटीएम या प्रक्षेपण पद्धतीत ७८ अंश पूर्व रेखावृत्त ही ४३ व ४४ या विभागांची सीमारेषा आहे आणि ती विदर्भातून जाते. अमरावती एका विभागात पडते, नागपूर दुसऱ्यात, आणि यवतमाळ जिल्हा मधोमध कापला जातो: पुसद ४३ मध्ये, वणी ४४ मध्ये. जिल्ह्याच्या दोन तालुक्यांनी आपापल्या सोयीचा विभाग निवडून नकाशे पाठवले की ते एकत्र करताना शेकडो किलोमीटर दूर जाऊन पडतात. म्हणून राज्यव्यापी संस्थेने साठवणीसाठी एकच चौकट लेखी ठरवणे आणि स्थानिक प्रक्षेपण केवळ मापनासाठी वापरणे इष्ट ठरते.

गावोगावचे नकाशे जोडताना शिवेवर जे घडते ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. प्रत्येक गावाचा कागद वेगळा, त्याचे आकसणे वेगळे, मोजणीचे वर्षही बहुधा वेगळे. दोन नकाशे शेजारी ठेवले की शिवेवरच्या गटांमध्ये कोठे चिंचोळी फट राहते, कोठे एकाची कड दुसऱ्यावर चढते. संगणकीय आज्ञावली अशी फट क्षणात बुजवू शकते, पण ती बुजवताना कोणाचा तरी बांध सरकतो. सामायिक विदेत अशी दुरुस्ती आपोआप होऊ न देता फट ‘वादग्रस्त’ म्हणून खूण करून ठेवणे आणि प्रत्यक्ष मोजणीनंतरच मिटवणे, हीच पद्धत योग्य होय. दिसायला स्वच्छ पण आधार नसलेली रेघ ही उघड दिसणाऱ्या फटीपेक्षा जास्त नुकसान करते.

लिपीचा प्रश्न मराठीत काम करणाऱ्यांना चांगलाच परिचित आहे. शेपफाइल हा संगणकीय नकाशांच्या देवघेवीत अजूनही खूप वापरला जाणारा फाइल-प्रकार म्हणजे प्रत्यक्षात अनेक फायलींची जुडी असते. तिच्यातील रकान्याचे नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही, आणि कोणत्या सांकेतिकीकरणात (एन्कोडिंगमध्ये) मजकूर लिहिला आहे हे सोबत गेले नाही तर देवनागरी नावांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडपूर्व टंकांत (फॉन्टमध्ये) भरलेली कोष्टके तर तो टंक ज्या संगणकावर आहे तेथेच वाचता येतात. जुडीतील प्रक्षेपण सांगणारी छोटी फाइल ईमेलने पाठवताना मागे राहिली, तर नकाशा पृथ्वीवर कोठे ठेवायचा हेच समजत नाही. एकच फाइल आणि युनिकोड मजकूर असलेला जिओपॅकेज हा प्रकार किंवा सामायिक विदागार (डेटाबेस) वापरल्यास हे त्रास बरेच कमी होतात.

एकाच वेळी अनेकांनी बदल करण्याची व्यवस्था हा या विषयाचा तांत्रिक गाभा आहे. बँकेतील व्यवहार क्षणात पुरा होतो. नकाशावरील काम आठवडे चालते, कारण आरेखन, तपासणी आणि मंजुरी यांमध्ये दिवस जातात. तोवर ती जागा इतरांसाठी कुलूपबंद ठेवावी, की प्रत्येकाला स्वतंत्र आवृत्ती देऊन शेवटी त्या जुळवाव्यात, असे दोन पर्याय असतात. मंजुरीची साखळी पक्की असलेल्या महसुली कामाला कुलूप मानवते. अनेक पथके वेगवेगळ्या भागांत फिरत असतील तर आवृत्त्या सोयीच्या ठरतात, मात्र एकाच आकृतीला दोघांनी हात लावला असेल तेव्हा निर्णय माणसालाच करावा लागतो, आणि तो कोणी करायचा हे आधी ठरलेले नसेल तर आवृत्त्या महिनोन्महिने न जुळवता पडून राहतात. शाखाशाखांतील ‘अंतिम’, ‘अंतिम दुरुस्त’, ‘अंतिम नवीन’ अशा नावांच्या प्रती बहुधा याच कोंडीतून जन्म घेतात.

महानगरपालिकांत परिरक्षणाचा आणखी एक पैलू समोर येतो. जलवाहिनी जमिनीखाली असते आणि नकाशात ती अनेकदा रस्त्याच्या मध्यरेषेवर ओढलेली असते, कारण आराखडा करताना नेमके अंतर हाती नव्हते. व्हॉल्व्ह कोठे आहे, कोणता किती फिरवायचा आणि कोणता डांबराखाली गेला, हे त्या भागाच्या चावीवाल्याला तोंडपाठ असते. तो निवृत्त झाला की ती माहितीही जाते. त्याच्याबरोबर एक दिवस चालून, प्रत्येक झाकणापाशी स्थान आणि छायाचित्र घेणे, हे कोणत्याही महागड्या प्रणालीहून मोलाचे काम आहे. खोदकामाच्या वेळी वाहिनी उघडी पडते तेव्हाही मोजमाप घेण्याची संधी असते. ठेकेदाराच्या अंतिम देयकाला तो मोजलेला नकाशा जोडण्याची अट घातली तर चर बुजण्याआधी माहिती नोंदली जाते.

देशपातळीवर राष्ट्रीय अवकाशीय विदा पायाभूत संरचनेला २००६ मध्ये केंद्र सरकारची मान्यता मिळाली. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे तयार करण्यावरचे बरेचसे पूर्वपरवानगीचे निर्बंध काढले आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. महाराष्ट्रात नागपूरचे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र विविध विभागांसाठी अशी विदा तयार करते. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी झाली. अशा गावठाणात उड्डाणानंतर बांधलेले घर, पाडलेली भिंत किंवा भावाभावांत विभागलेला वाडा नकाशात कोण घेणार, हा प्रश्न आता परिरक्षणाचा आहे.

बदल घेताना जुनी स्थिती पुसून टाकू नये, हा नियम सर्वांत उशिरा लक्षात येतो. प्रत्येक आकृतीला ती कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य होती हे दोन दिनांक जोडले, तर कोणत्याही दिवसाचा नकाशा पुन्हा उभा करता येतो. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. एखाद्या बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार त्या दिवशी कोणाचा होता, हे हद्दीच्या दिनांकावरूनच ठरते. ठाणे जिल्ह्यातून पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला, म्हणून २०११ च्या जनगणनेची जिल्हावार कोष्टके ३५ जिल्ह्यांची आहेत आणि आजचा नकाशा ३६ जिल्ह्यांचा. जव्हार किंवा डहाणूचे २०११ चे आकडे नकाशावर मांडायचे असतील, तर त्या वर्षीची अखंड ठाण्याची सीमा विदागारात शाबूत असावी लागते.