दुकानदाराने सुचवलेली कादंबरी: अमेरिकेतल्या एका यादीची पार्श्वभूमी

1999 च्या फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'ने एक बातमी छापली. ॲमेझॉनच्या संकेतस्थळावर आवर्जून पुढे मांडलेल्या पुस्तकांपैकी काहींच्या जागेसाठी प्रकाशकांनी पैसे मोजले होते आणि वाचकांना त्याची कल्पना नव्हती. ओरड झाली, तेव्हा यापुढे अशा जागा उघड करू, असे कंपनीने जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या स्वतंत्र पुस्तकविक्रेत्यांनी 'बुक सेन्स 76' ही स्वतःची शिफारस-यादी देशभर सुरू केली. यादीची तयारी आधीपासून चालली होती. पण ती का हवी, हे त्या बातमीने एका दिवसात सगळ्यांना समजावले.

खरे तर ॲमेझॉनने नवे काही केले नव्हते. रस्त्यावरच्या प्रत्यक्ष पुस्तक-दुकानांत हा व्यवहार जुनाच होता. जाहिरातीचा खर्च प्रकाशकाने आणि दुकानाने वाटून घ्यायचा, अशी पद्धत होती. तिला व्यवसायात 'को-ऑप' म्हणत. पुढे या पैशात दारासमोरचे टेबल, रांगेच्या टोकाचा कप्पा, खिडकीतली जागा असे सगळे विकत मिळू लागले. 1970 च्या दशकात बी. डाल्टन आणि वॉल्डनबुक्स या साखळ्या मॉलमॉलमध्ये पसरल्या. 1990 च्या दशकात बार्न्स अँड नोबल आणि बॉर्डर्स यांची गोदामाएवढी दुकाने उभी राहिली. यातले बॉर्डर्स 1971 मध्ये ॲन आर्बरला दोन भावांनी काढलेले साधे स्वतंत्र दुकान होते, हे आठवले की वाईट वाटते. दुकानांची संख्या वाढली तशी टेबलाची किंमतही वाढली.

याचा सर्वांत मोठा फटका नव्या साहित्यिक कादंबरीला बसला. पाककृतींचे पुस्तक किंवा नटाचे आत्मचरित्र नावावर खपते. अनोळखी लेखकाच्या कादंबरीला तसा आधार नसतो. शिवाय अमेरिकेत 1930 च्या मंदीपासून न खपलेल्या प्रती प्रकाशकाला परत करण्याची सोय आहे, त्यामुळे दुकानदार फार काळ थांबत नाही. आठ-दहा आठवड्यांत कोणी हात लावला नाही, तर कादंबरी खोक्यात भरून परत जाते. तेवढ्या काळात तिच्यासाठी कोणीतरी बोलावे लागते. हे बोलणे म्हणजे 'हँडसेलिंग': विक्रेत्याने स्वतः वाचलेले पुस्तक समोरच्या गिऱ्हाइकाची आवड ओळखून त्याच्या हातात ठेवायचे. जो जवळ येऊन विचारत नाही त्याच्यासाठी फळीला हाताने लिहिलेली चिठ्ठी लावायची.

या बोलण्यात किती ताकद आहे, ते डेव्हिड गटर्सन यांच्या 'स्नो फॉलिंग ऑन सीडर्स'ने दाखवले. लेखक वॉशिंग्टन राज्यातल्या बेटावर हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते आणि ही त्यांची पहिलीच कादंबरी, 1994 ची. स्वतंत्र दुकानांनी ती उचलून धरली. पेपरबॅक निघाल्यावर ती लाखोंनी खपली आणि 1996 मध्ये तिला पुस्तकविक्रेत्यांचा पुरस्कारही मिळाला. वाचकाच्या हातात ठेवायला सर्वांत जास्त आनंद झाला, त्या पुस्तकासाठी हा पुरस्कार होता. समीक्षकांचा त्यात संबंध नव्हता.

त्याच पुरस्काराची सुरुवात मात्र फार कडू आहे आणि ती लपवू नये. 1991 चा पहिला मान 'द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री' या पुस्तकाला मिळाला. चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीतल्या आजी-आजोबांनी वाढवलेल्या मुलाची आत्मकथा म्हणून ते खपत होते. त्याच वर्षी इतिहासकार डॅन कार्टर यांनी उघड लिहिले की लेखक 'फॉरेस्ट' कार्टर म्हणजे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेशी जोडलेला, वंशभेदाची भाषणे लिहिणारा एसा कार्टर होता. विक्रेत्यांनी मनापासून सुचवले होते, त्यांना कोणी पैसे दिले नव्हते, तरी ते फसले. शिफारस प्रामाणिक असली म्हणजे ती बरोबरच असते असे नाही. मला तरीही ती विकत घेतलेल्या टेबलापेक्षा मोलाची वाटते, कारण चूक झाली तर जाब विचारायला समोर माणूस असतो.

दरम्यान कोर्टकज्जेही झाले. एकाच मालासाठी बड्या गिऱ्हाइकाला वेगळा भाव देण्यावर 1936 च्या रॉबिन्सन-पॅटमन कायद्याने बंधने आहेत. त्याच्या आधारे पुस्तकविक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, अमेरिकन बुकसेलर्स असोसिएशनने, 1994 मध्ये काही प्रकाशकांना न्यायालयात खेचले. 1997 मध्ये पेंग्विनला तडजोडीत अडीच कोटी डॉलर द्यावे लागले. 1998 मध्ये थेट बार्न्स अँड नोबल आणि बॉर्डर्सवर दावा लावला. तो 2001 मध्ये 47 लाख डॉलरवर मिटला. खर्च त्याच्या कितीतरी पट झाला होता.

यादीने मात्र न्यायालयाला न जमलेले काम केले. 'बुक सेन्स 76' या नावातला आकडा 1776 च्या स्वातंत्र्याची आठवण म्हणून घेतलेला. प्रकाशनाआधी दुकानांत पोहोचणाऱ्या कच्च्या प्रती विक्रेते रात्री घरी नेऊन वाचत, आवडलेल्या पुस्तकावर चार ओळी पाठवत. सर्वाधिक पसंतीची पुस्तके निवडून पत्रक छापले जाई आणि देशभरच्या दुकानांत फुकट वाटले जाई. प्रत्येक शिफारशीखाली लिहिणाऱ्याचे नाव, दुकान आणि गाव. ते गाव छापणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. 2008 मध्ये हा उपक्रम 'इंडीबाउंड' झाला आणि यादी 'इंडी नेक्स्ट' या नावाने मासिक निघू लागली.

तोवर पडझड खूप झाली होती. 1990 च्या दशकाच्या मध्याला संघटनेच्या सभासदांची पाच हजारांहून जास्त दुकाने होती; 2009 मध्ये 1,651 उरली. 2011 मध्ये बॉर्डर्स बुडाले, आणि आकडा पुन्हा चढू लागला. 2015 पर्यंत तो 2,227 वर गेला. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे रायन राफाएली यांनी या पुनरुज्जीवनाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळलेल्या तीन मुख्य कारणांपैकी एक पुस्तकांची जाणती निवड हेच होते.

साखळ्यांनाही ते पटले. लंडनमध्ये स्वतःची स्वतंत्र दुकाने चालवणारे जेम्स डाँट 2011 मध्ये वॉटरस्टोन्स या ब्रिटिश पुस्तक-साखळीचे प्रमुख झाले आणि त्यांनी प्रकाशकांना जागा विकणेच बंद केले; टेबलावर काय ठेवायचे ते त्या-त्या दुकानातल्या माणसांनी ठरवायचे. 2019 मध्ये बार्न्स अँड नोबलची सूत्रे हाती आल्यावर तिथेही त्यांनी तेच केले.

यादीचा एक दोष अजून सुटलेला नाही. विक्रेत्याने नोंद पाठवायची तर प्रकाशनाच्या कितीतरी आधी प्रत त्याच्या हाती हवी, आणि छापील कच्च्या प्रती शेकड्याने पाठवणे लहान प्रकाशनसंस्थेला परवडत नाही. एडलवाइज आणि नेटगॅली या संकेतस्थळांवर डिजिटल प्रती मिळू लागल्यापासून छपाईचा खर्च वाचतो. पण दुकानात येऊन "हे आधी वाचा" असे सांगणारे विक्री प्रतिनिधी मोठ्या संस्थांकडेच जास्त आहेत, आणि कुठल्या कादंबऱ्या यादीपर्यंत पोहोचतात हे बऱ्याच अंशी तिथे ठरते.