‘शुद्ध’ बिअरचा जर्मन अभिमान: पार्श्वभूमी

जर्मन बिअरच्या बाटलीवर, लेबलाच्या कडेला, ‘डॉइचेस राइनहाइट्सगेबोट’ हे शब्द बहुधा सापडतातच. अर्थ, जर्मन शुद्धता-नियम. पुष्कळदा शेजारी १५१६ हे सालही छापलेले असते. चेक माणसापाशी बिअरचा विषय काढा, तो पिल्झेन शहराचे आणि १८४२ साली तिथे तयार झालेल्या सोनेरी लागरचे, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेल्या बिअरचे, नाव घेईल. बेल्जियन माणूस मठांतल्या बिअरपासून सुरुवात करून प्रकार मोजू लागेल. जर्मन माणूस कायदा सांगतो. हा कायदा नेमका कोणता आणि कधीचा, यावर तिथे आजही कोर्टकचेऱ्या होतात.

२३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियाच्या दोघा ड्यूक (सरदार-राजे) भावांनी काढलेल्या हुकुमात ‘शुद्धता’ हा शब्द नाही. हुकुमाचा बराचसा भाग दराचा आहे. सेंट मायकेलच्या सणापासून सेंट जॉर्जच्या सणापर्यंत, म्हणजे थंडीच्या महिन्यांत, एका मापाला एक फेनिगहून (तिथले नाणे) जास्त घ्यायचे नाही. उरलेल्या काळात दोनाहून जास्त नाही. मग एका वाक्यात येते की सातू, हॉप्स (कडवटपणा देणारी वेलीची फुले) आणि पाणी यांखेरीज बिअरमध्ये काही घालू नये. बिअर आंबवणाऱ्या यीस्टचा उल्लेखच नाही. गहू पावासाठी राहावा म्हणून तो वगळला, असे सहसा सांगितले जाते. पण १६०२ पासून गव्हाच्या बिअरचा मक्ता राजघराण्यानेच स्वतःकडे घेतला आणि त्यावर खजिना भरला. पुण्या-मुंबईच्या ब्रूपबमध्ये जर्मन परंपरेची म्हणून जी हेफेवाइझेन पुढ्यात येते ती गव्हाचीच. १५१६च्या मजकुरावर बोट ठेवले तर ती त्यात बसत नाही. त्याच बव्हेरियात १५५१च्या हुकुमाने धण्यांनाही मुभा दिली होती.

मधल्या तीन शतकांत अशी भर आणि वजाबाकी होतच राहिली. नियमाला आजचे रूप आले ते करामुळे. बव्हेरियात कर माल्टवर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यावर, होता. माल्टऐवजी साखर किंवा तांदूळ वापरला तर कर बुडणार, म्हणून घटकांवर कडक नजर. उत्तर जर्मनीत मात्र हे पर्याय चालत. १८७२च्या तिथल्या कायद्याने त्यांवर कर बसवला, बंदी घातली नाही. १९०६ साली माल्टची अट जर्मन साम्राज्यभर लागू झाली, तीही लागरसारख्या तळाशी आंबणाऱ्या (जिथे यीस्ट तळाशी बसते) बिअरपुरती. वर आंबणाऱ्या बिअरला साखरेची सवलत राहिली. आणि ‘राइनहाइट्सगेबोट’ हा शब्द? तो प्रथम आढळतो १९१८ साली, बव्हेरियाच्या विधिमंडळात बिअरच्या करावर चाललेल्या चर्चेत. पाचशे वर्षांचा म्हणून मिरवला जाणारा हा शब्द शंभरीच्या थोडा पुढे आहे.

शब्दाला राष्ट्रीय अभिमानाची धार चढली ती युरोपीय बाजारपेठेमुळे. फ्रान्समधल्या अल्सासच्या एका ब्रुअरीला १९८१ साली जर्मनीत माल विकणे थांबवावे लागले, कारण तिची बिअर जर्मन नियमात बसत नव्हती. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले. जर्मन सरकारचे म्हणणे दुहेरी होते. जर्मन ग्राहक ‘बिअर’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हेच घटक असतात. आणि जर्मन माणूस इतकी बिअर पितो की त्यात मिसळद्रव्ये आली तर आरोग्याला धोका आहे. १२ मार्च १९८७ रोजी न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. ग्राहकाला माहिती हवी तर लेबलावर घटक लिहा, आणि हीच द्रव्ये इतर पेयांत जर्मनीला चालत असतील तर बिअरमध्ये सरसकट बंदी कशाला, असा निकालाचा रोख होता. मला तो निकाल पूर्ण न्याय्य वाटतो. ‘बिअर’ या शब्दाचा अर्थ एका देशाने ठरवून कुलूपबंद करायचा नाही, हे त्यातले खरे तत्त्व आहे. त्याने जर्मन बिअर बुडालीही नाही. दुकानांत परदेशी मालाची लाट आली नाही, लोक आपल्या गावच्या बिअरलाच धरून राहिले.

झाले ते उलटेच. बंदी परदेशी बिअरवरून उठली, पण देशी बनवणाऱ्यांवर कायम राहिली. पूर्व जर्मनीतल्या नॉइत्सेले येथील जुन्या मठाच्या ब्रुअरीची काळी बिअर हे त्याचे बोलके उदाहरण. गाळल्यानंतर तिच्यात साखरेचा पाक घालतात. पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतर अधिकाऱ्यांनी तिला ‘बिअर’ म्हणायला मनाई केली. अनेक वर्षे भांडून २००५ साली सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात ब्रुअरी जिंकली. तिला ‘विशेष बिअर’ म्हणून सवलत मिळाली. जिथे बिअर तयार होते त्याच गावात तिचे नाव उच्चारायला कोर्टाची परवानगी लागावी, हे पटत नाही.

२०१६ साली नियमाची पाचशे वर्षे थाटात साजरी झाली. त्याच वर्षी १४ लोकप्रिय जर्मन बिअरच्या तपासणीत तणनाशकाचे अंश सापडले. प्रमाण आरोग्याला घातक नसल्याचे सरकारी तज्ज्ञांनी सांगितले, तरी ‘शुद्ध’ या शब्दावर चर्चा पेटायची ती पेटलीच. वर्ष सरता सरता युनेस्कोच्या वारसा यादीत बेल्जियमची बिअर संस्कृती आली. तिथे कोणत्याही घटकबंदीचा आधार घेतलेला नव्हता.

बव्हेरियात ‘विशेष बिअर’ ही सवलत आजवर दिली जात नाही. तिथल्या एका छोट्या, प्रयोगशील (क्राफ्ट) ब्रुअरीने दुधातली साखर घालून मिल्क स्टाउट ही गोडसर काळी बिअर केली, तर ती बाजारातून काढून घ्यावी लागली. इंग्लंडहून आलेली मिल्क स्टाउट मात्र म्युनिकच्या दुकानात बिअर म्हणूनच विकता येते.