फिनिश भाषेतला 'न' कुठे जातो?

जगातल्या सर्वांत अवघड भाषांची यादी अधूनमधून मोबाइलवर येतेच, आणि फिनिशचं नाव तिच्यात हमखास असतं. 15 विभक्त्या, लांबलचक शब्द वगैरे. पण भाषा अवघड की सोपी, हे शिकणारा कुठली भाषा बोलत आला आहे यावर ठरतं. शाळेत व्यंजनसंधी घोटलेल्या माणसाला फिनिश व्याकरणाचा निदान एक कोपरा तरी ओळखीचा वाटेल: भूतकाळवाचक धातुसाधितं.

मराठीत '-लेला' दोन कामं करतो. 'शिकलेला माणूस' स्वतः शिकलेला असतो. 'शिकलेला धडा' दुसरं कोणीतरी शिकलेलं असतं. आपण अर्थावरून ओळखतो. फिनिश ते अर्थावर सोडत नाही. 'ओप्पिया' म्हणजे शिकणे. त्यावरून 'ओप्पिनुत मिएस' म्हणजे शिकलेला माणूस, आणि 'ओपित्तू आसिया' म्हणजे शिकलेली गोष्ट. कर्त्यासाठी 'नुत', कर्मासाठी 'त्तू' किंवा 'तू'. दुसऱ्या रूपात 'प्प'चा 'प' झाला, कारण पुढचं अक्षर 'पित्' असं व्यंजनाने बंद झालं. धातूत आ, ओ, उ यांपैकी एकही स्वर नसेल, तर प्रत्ययातला 'उ' बदलतो आणि त्याच्या जागी ओठ गोल करून म्हटलेली 'इ' येते.

खरी गंमत पुढे आहे. 'तुल' म्हणजे येणे. त्याला 'नुत' लावा: 'तुल्लुत'. 'नोउस' (उठणे) पासून 'नोउस्सुत', 'पुर' (चावणे) पासून 'पुर्रुत'. 'न' गेला कुठे? न, ल, र, स हे चारही ध्वनी उच्चारताना जीभ वरच्या दातांमागच्या हिरडीपाशीच काम करते. फरक हवेच्या वाटेचा. 'न'ला तोंड बंद आणि हवा नाकातून. 'ल'ला ती जिभेच्या कडांनी, 'स'ला मधल्या फटीतून. 'तुल' म्हणताना जीभ जागेवर पोचलेलीच असते. मऊ टाळू खाली सोडून नाकाची वाट उघडायचं तेवढं टाळलं, की 'ल्ल' तयार.

तत् + लीन = तल्लीन हे आपल्याला पाठ आहे. पण तिथे नंतरचं व्यंजन जिंकतं, 'तुल्लुत'मध्ये आधीचं. मग 'हालुत' (इच्छिणे) घ्या. हालुत + नुत = 'हालुन्नुत'. हे तर थेट जगत् + नाथ = जगन्नाथ! म्हणजे आधी कोण, नंतर कोण हा इथे मुद्दाच नाही. तोंडातून हवा वाहती ठेवणाऱ्या ल, र, स यांच्यापुढे 'न' हरतो, आणि हवा पुरती अडवणाऱ्या 'त'वर तोच 'न' मात करतो. 'तल्लीन'ही याच क्रमात बसतो.

यावरून फिनिश संस्कृतातून निघाली असं कृपा करून कोणी फॉरवर्ड करू नये. फिनिश युरालिक कुळातली. एस्टोनियन, सामी, हंगेरियन तिच्या नात्यातल्या. यानोश शॉयनोविच या हंगेरियन धर्मगुरूने 1770 मध्ये हंगेरियन आणि सामी यांचं नातं मांडलं, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं नातं सांगणाऱ्या विल्यम जोन्सच्या 1786 मधल्या कलकत्त्याच्या भाषणाच्याही आधी. भाषांचं नातं ठरतं ते शेकडो शब्दांत नियमाने आढळणाऱ्या ध्वनिसंगतींवरून. 'न'चं असं विरघळणं मात्र माणसाच्या तोंडाच्या घडणीतून येतं, आणि तोंड सगळ्यांचं सारखंच.

वाक्यात ही रूपं कशी येतात? 'ओलेन तुल्लुत' म्हणजे मी आलो आहे, 'ओलिन तुल्लुत' म्हणजे मी आलो होतो. नुसतं 'आलो' म्हणायला 'तुलिन' पुरतं, धातुसाधित लागत नाही. पण नकार आला की ते हजर! फिनिशमधला 'नाही' पुरुष आणि वचन दाखवतो, काळ दाखवत नाही. 'एत तुले' म्हणजे तू येत नाहीस, 'एत तुल्लुत' म्हणजे तू आला नाहीस. 'एत' दोन्हीकडे तोच, जसा आपला 'नाहीस'. इंग्रजीत काळ 'डिड नॉट'मधल्या 'डिड'वर बसतो. इथे तो धातुसाधितावर बसतो. अनेकवचनात तर दोन्ही शब्द बदलतात: 'एइवॅत तुल्लेएत' म्हणजे ते आले नाहीत. मराठीतही 'आला'चं 'आले' होतं आणि 'नाही'चं 'नाहीत'.