इटालियन डेली

इटलीबाहेर स्थायिक झालेल्या इटालियनांनी वस्तीत थाटलेले किराणा दुकान. याच दुकानात चार टेबले मांडून जेवणही देतात. ‘डेली’ हे ‘डेलिकॅटेसन’चे लघुरूप, आणि हा शब्द जर्मनमधून आलेला. खुद्द इटलीत अशा दुकानाला ‘सालुमेरिया’ किंवा ‘अलिमेंतारी’ म्हणतात आणि तिथे टेबले असतीलच असे नाही. दुकान आधी आणि खानावळ मागून, हा क्रम मांडणीतही दिसतो. आत शिरताच काउंटर, काचेआड चीज आणि ऑलिव्ह, छताला टांगलेल्या हॅमच्या तंगड्या, दोरीने बांधलेले प्रोव्होलोन चीज. बसायची जागा या सगळ्याला वळसा घालून.

१८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत गेले, त्यांतले बहुतेक दक्षिण इटलीचे. त्यांच्या चवीचे तेल, पास्ता, चीज तिथे सहज मिळेना, त्यातून ही दुकाने उभी राहिली.

न्यू ऑर्लिन्समधले ‘सेंट्रल ग्रोसरी’ १९०६ मध्ये साल्वातोरे लुपो या सिसिलियन माणसाने काढले. जवळच्या बाजारात माल विकायला येणारे सिसिलियन शेतकरी दुपारी त्याच्याकडे पाव, सलामी, हॅम, चीज आणि ऑलिव्ह सॅलड असे सगळे वेगवेगळे घेत आणि खोक्यांवर, पिंपांवर बसून मांडीवर तोलत खात. हे सारे एकाच पावात भरून द्यावे असे लुपोला सुचले, अशी त्या घरात सांगितली जाणारी हकिकत आहे. हाच ‘मफलेटा’. पाव गोल, तिळाचा, ताटलीएवढा. एकट्याला संपत नाही, म्हणून अर्धाही मिळतो. खरी करामत ऑलिव्ह सॅलडची. चिरलेली ऑलिव्ह, सेलरी, गाजर, फ्लॉवर, लसूण, ओरेगॅनो तेलात मुरवतात; लोणचेच म्हणा ना. ते तेल पावात जिरल्याशिवाय मजा नाही.

ब्रिटनमधल्या दुकानांची कहाणी अशी चविष्ट नाही. एडिनबरात १९३४ मध्ये ‘वाल्वोना अँड क्रोला’ सुरू झाले. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच जमावाने इटालियनांची दुकाने फोडली आणि सरकारने पुरुषांची धरपकड केली. त्यांतल्या अनेकांना कॅनडाला नेणारे ‘अरँडोरा स्टार’ हे जहाज २ जुलैला जर्मन पाणबुडीने बुडवले. आठशेहून अधिक माणसे गेली, त्यांत अल्फोन्सो क्रोलाही होते. दुकान मात्र कुटुंबाने टिकवले. पुढे त्याच्या मागच्या भागात कॅफेही आले.

काउंटरवर माल वजनावर मिळतो. प्रोशुत्तो हे सुकवलेले हॅम यंत्रावर इतके पातळ कापतात की खालचा कागद दिसावा. शाकाहाऱ्याने चीजकडे मात्र जपून पाहावे : अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेट या दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यानेच विरजतात, त्यामुळे मांस नसलेला पास्ताही वरच्या किसामुळे शाकाहारी उरत नाही. ऑर्डर देतानाच ‘चीज नको’ म्हणावे. वाढताना सांगेपर्यंत किसणी फिरलेली असते.