टायटॅनियमवर पेशी कशी पकड घेते, ते जिवंतपणी बघायचं तर

दाताचं इम्प्लांट बसवून झालं की पेशंटला वाटतं झालं एकदाचं, पण खरं काम तिथून पुढं सुरू होतं, हाडाच्या पेशी त्या टायटॅनियमवर येऊन घट्ट बसल्या तरच ते टिकतं. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची चेंबर, म्हणजे छोटी पोकळ डबी, बसवली होती, ती नंतर निघेचना. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या पेशंटला असं इम्प्लांट बसवलं.

आता ही पकड बघायची कशी? जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असते, पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो याचं माप) १.३३ आणि पेशीचा साधारण १.३७, फरक नगण्यच. डाय टाकला तर दिसते, पण डाय आणि झगझगीत प्रकाश दोन्हींचा तिला त्रास होतो, आणि फिक्स करून, म्हणजे रसायनानं आहे तशी गोठवून, बघायची तर ती मेलेली असते.

इथं इंटरफेरन्स कामाला येतं. पावसात रस्त्यावर सांडलेल्या ऑईलवर रंग दिसतात ना, तेच तत्त्व: वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळतात. १९६४ मध्ये जीवशास्त्रज्ञ अॅडम कर्टिस यांनी काचेवर वाढवलेल्या, कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातल्या पेशी अशा बघितल्या. पेशी काचेच्या जिथं अगदी जवळ, तिथं काचेवरून आणि पेशीवरून परतलेल्या दोन्ही लाटा एकमेकींना मारतात आणि काळा डाग दिसतो. पेशीची सगळ्यात घट्ट पकड असते तिथं पेशी आणि काचेमधली फट जेमतेम १०-१५ नॅनोमीटरची, म्हणजे प्रकाशाच्या लाटेच्या कितीतरी पट लहान, आणि ती डाय न टाकता कळते, मला तर हे अजूनही अफाट वाटतं.

पण काचेतून खालून बघता येतं, धातूतून नाही. मग एक तर काचेवर टायटॅनियमचा इतका पातळ थर द्यायचा की प्रकाश आरपार जाईल, नाहीतर वरून प्रकाश टाकायचा, तो पेशीतून जातो, धातूवर आपटून पुन्हा पेशीतूनच परत येतो. पेशी ५ मायक्रोमीटर जाड धरली तर नुसत्या पाण्यातून गेलेल्या लाटेच्या तुलनेत एकदा जाताना २०० नॅनोमीटरचा फरक पडतो, जाऊन-येऊन ४००, हिरव्या प्रकाशाची लाट साधारण ५५० ची, त्यामुळं हा फरक सहज मोजता येतो, आणि त्यावरून पेशीत पाणी सोडून किती माल आहे तेही काढता येतं. मात्र वरून बघताना पेशीखालची फट नीट कळत नाही, त्यासाठी पातळ थरच बरा.

खरी गोची खडबडीतपणाची आहे. हाड नीट धरावं म्हणून बऱ्याच इम्प्लांटचा पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत करतात, त्यावर प्रकाश वेडावाकडा विखुरतो आणि चित्र बिघडतं, त्यामुळं प्रयोग बहुतेक गुळगुळीत पॉलिश केलेल्या तुकड्यावर होतात. तिथं पेशी छान पसरली म्हणून खऱ्या इम्प्लांटच्या स्क्रूवरही तशीच पसरेल असं धरून चालणं मला पटत नाही, तो खरबरीत स्क्रू वेगळ्या पद्धतीनं तपासलाच पाहिजे.