पाटणादेवीचं रान: यात्रा, सहल आणि अभयारण्य यांच्या वादामागचा इतिहास

पाऊस लागला की जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावात दरवर्षी तोच वाद रंगतो. गौताळा औट्रमघाट अभयारण्यातल्या पाटणादेवीच्या रानात केदारकुंड आणि धवलतीर्थ हे धबधबे कोसळू लागतात, रविवारी गाड्यांची रांग लागते, सोमवारी वाटेवर प्लास्टिकचे ग्लास दिसतात. मग एक बाजू म्हणते, अभयारण्य आहे, कुलूप लावा. दुसरी म्हणते, तालुक्याला दाखवण्यासारखं हेच तर आहे, पोरांना रोजगार मिळेल, रस्ता रुंद करा. नवरात्रात यात्रेकरूंची भर पडते आणि वाद तिथंच राहतो. यात एक तिसरा माणूस सहसा बोलत नाही: पायथ्याच्या गावातला किंवा बंजारा तांड्यावरचा गुराखी. या जमिनीचा इतिहास पाहिला तर खरा वाद त्याच्यापासूनच सुरू होतो.

मुळात आज ज्याला आपण जंगल म्हणतो ते एकेकाळी बाजारपेठेचं गाव होतं. पाटणादेवीजवळच्या पाटण इथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके 1128, म्हणजे इसवी सन 1207 च्या सुमाराचा हा लेख. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला आणि यादवांच्या मांडलिक राजांनी त्याला उत्पन्न लावून दिलं. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण शेवटी हिशेबाची वेळ आल्यावर तो जुन्या मराठीत उतरतो. पाटणच्या बाजारात गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला, जितके घाणे चालतील तितक्या घाण्यांमागे पळी पळी तेल मठाला, अशी ती नोंद आहे. घाणे होते म्हणजे तेली होते, तीळ-करडईची शेतं होती, माल वाहणारे बैल होते. जवळच कण्हेरगडाच्या अंगाला नागार्जुन कोठडी, सीतान्हाणी, शृंगारचावडी ही लेणी आहेत आणि डोंगरात आत पितळखोरा. घाटवाटेवरचं हे नांदतं ठिकाण होतं. ‘मूळचं अस्पर्श जंगल’ असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा मला त्या तेलाच्या पळ्या आठवतात.

पुढं वस्ती ओसरली आणि रान वाढलं. देवी मात्र हलली नाही. पाटणादेवी, म्हणजेच चंडिका, कितीतरी घराण्यांची कुलदेवी आहे. मानता फेडायला, जावळ काढायला, वरण-बट्टीचा नैवेद्य करायला माणसं येत राहिली. घाटवाटा भिल्ल नाईकांच्या ताब्यात होत्या. वाट राखायची आणि त्याबद्दल गावांकडून हक्क घ्यायचा, हा त्यांचा जुना रिवाज.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि या रिवाजाचं नाव एकदम लूट झालं. कॅप्टन जॉन ब्रिग्जच्या कारभारात काही नाईकांना पेन्शन देऊन, काहींना पकडून घाट मोकळे करण्याचा प्रयत्न झाला. 1825 मध्ये भिल्लांवर देखरेख करणाऱ्या भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या आणि इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. औट्रम वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. आज ज्या अभयारण्याच्या नावात ‘औट्रमघाट’ आहे, तो हाच गृहस्थ. वाघ मारणाऱ्याचं नाव वन्यजीव अभयारण्याला लागलं, आणि यावर चाळीसगावात कुणी वाद घालताना मी ऐकलेलं नाही.

जमिनीवरची खरी रेघ नंतर, 1878 च्या वन कायद्याने ओढली. राखीव वन म्हटलं की परवानगीवाचून चराई, लाकूडतोड, फळं-मध गोळा करणं हा गुन्हा. जी गोष्ट हक्क होती ती सवलत झाली. 1927 च्या कायद्याने तीच चौकट पुढं नेली आणि स्वातंत्र्यानंतरही ती कायम राहिली. ‘सरकारी रान’ हा शब्द गावागावांत रुळला तो या काळात. माझ्या मते आजच्या भांडणातला निम्मा कडवटपणा इथून आला आहे. रान सार्वजनिक आहे असं शहरातला माणूस म्हणतो तेव्हा त्याला ‘सगळ्यांचं’ म्हणायचं असतं, गुराख्याच्या कानाला मात्र तो शब्द ‘साहेबाचं’ असा ऐकू येतो.

आणखी एक गुंता भूगोलाचा. घाटाखालचा चाळीसगावचा भाग इंग्रजी खानदेशात, 1906 नंतर पूर्व खानदेशात. घाटावरचं कन्नड निजामाच्या राज्यात. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर दोन राज्यं, दोन दफ्तरं. हे डोंगर एका सरकारखाली आले ते 1956 मध्ये, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेल्यावर.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1986 मध्ये गौताळा औट्रमघाट अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर, दोन जिल्ह्यांत पसरलेलं. या कायद्याचं 28 वं कलम वाचण्यासारखं आहे. अभयारण्यात प्रवेशाची परवानगी कशासाठी मिळू शकते, तर वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. यात यात्रा नाही. सात-आठशे वर्षांचा राबता असलेला भाविक कागदोपत्री पर्यटक ठरतो आणि नाक्यावर पावती फाडतो. चराईचं नियमन स्वतंत्र कलमाखाली, ते वन अधिकाऱ्यांच्या हाती. म्हणजे सहलीला आलेल्याला दार आहे, भाविकाला उसनं दार आहे आणि गाय घेऊन आलेल्याला सरळ साहेबाकडे जावं लागतं.

खानदेशात हे एकट्या पाटणादेवीचं दुखणं नाही. धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1937 मध्ये तिथं राहिले होते, म्हणून 31 जुलैला तिथं भीमस्मृती यात्रा भरते. तिला सहल म्हणणं चूक आणि वनावरचा ताण म्हणून मोजणंही तितकंच चूक. तोरणमाळला महाशिवरात्रीची गोरखनाथाची यात्रा आणि थंड हवेचं ठिकाण हे दोन्ही एकाच पठारावर आहेत. यावल अभयारण्यात, 1969 पासूनच्या, वाद सहलीपेक्षा आदिवासींच्या वनजमिनीच्या दाव्यांचा आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने वेगळी वाट धरली. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावानेच तोडीवर आणि चराईवर नियम घातले आणि ते पाळले. त्यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथं नियम करणारा आणि नियम सोसणारा एकच आहे. पाटणादेवीत तसं नाही, त्यामुळे बारीपाड्याचं उदाहरण इथल्या बैठकीत फेकणं सोपं आणि लागू करणं कठीण.

गेल्या काही वर्षांत वादाला धार आली ती प्राण्यांमुळे आणि पाण्यामुळे. 2017 मध्ये चाळीसगाव तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली आणि डिसेंबरात नरभक्षक ठरलेल्या मादीला गोळी घालावी लागली. त्यानंतर शेतात रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्यासमोर संवर्धनाची भाषा बोलणं अवघड झालं. मार्च 2021 मध्ये गौताळ्यात ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ सापडला. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला. 1940 नंतर इथं वाघ दिसल्याची ही पहिलीच वेळ, असं तेव्हा सांगितलं गेलं. सहा महिनेही झाले नाहीत तोच ऑगस्टअखेर ढगफुटीसारखा पाऊस झाला, कन्नड घाटात, म्हणजेच औट्रम घाटात, दरडी कोसळल्या, तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. डोंगराचा उतार झाडांनी धरून ठेवण्याशी आपल्या दुकानाचाही संबंध आहे, हे बाजारपेठेला तेव्हा कळलं. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने घाटातून अवजड वाहनांना बंदी घातली.

तिसऱ्या माणसाला बोलायला कायद्याने जागा दिली आहे, ती 2006 च्या वनहक्क कायद्यात. त्यात चराईचा सामूहिक हक्क आहे, भटक्या पशुपालकांचा हंगामी वावरही आहे आणि तो अभयारण्यातही मागता येतो. भिल्ल अनुसूचित जमातीत मोडतात, त्यांची वाट त्यामानाने सरळ. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जाती-भटक्या जमातींत, म्हणून तांड्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो आणि त्यासाठी 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथं राहिल्याचं दाखवावं लागतं. हिशेब 1930 पर्यंत जातो. घाटाखालच्या तांड्याने इंग्रजी दफ्तर धुंडाळायचं, घाटावरच्याने निजामाचं, तेही बहुधा उर्दूतलं. नियमांत वडीलधाऱ्यांचा जबाबही पुरावा धरला आहे, आणि 1930 पाहिलेली माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.