बेवड म्हणजे नेमकं काय?

‘सोयाबीनचा बेवड चांगला’, म्हणजे हे पीक पुढच्या पिकासाठी जमीन कसदार करून जातं, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. कडधान्याच्या गटातलं पीक, हवेतला नत्र (नायट्रोजन) ओढतं, म्हणजे जमीन सुधारणारच. गणित इतकं सरळ नाही.

पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी सोयाबीनचं एक झाड मुळासकट खणून काढा. उपटू नका, उपटलं की गाठी मातीतच राहतात. मुळावरची टपोरी गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल दिसलं तर कारखाना सुरू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. गाठीतले जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात, पण त्यांचं यंत्र मोकळ्या ऑक्सिजनने बिघडतं. लाल द्रव्य तो ऑक्सिजन धरून ठेवतं आणि मोजून मापून पुरवतं. आत पांढरं किंवा हिरवट असेल, तर ती गाठ काम करत नाही.

आता हिशेब. सोयाबीनच्या दाण्यात जवळपास 40 टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत नत्र. त्यामुळे एका क्विंटलमागे सुमारे 6 किलो नत्र शेताबाहेर जातं. एकरी दहा क्विंटल पिकलं तर साधारण 60 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र भरतं 20 किलोच्या आसपास. म्हणजे जवळजवळ तीन गोण्या गाडीत भरून आडतीला गेल्या! पिकाने हवेतून आणलेलं नत्र साधारणपणे त्याच्या एकूण गरजेच्या निम्म्याहून थोडं जास्त असतं, उरलेलं जमिनीतलंच. वर कुटारही (मळणीनंतर उरलेला भुसा) उचललं किंवा बांधावर पेटवलं, तर खात्यात जमेपेक्षा खर्च जास्त होऊ शकतो. मागे राहतात ती गळलेली पानं आणि मुळं. बेवड म्हणतात तो बहुतांशी हाच.

तूर या बाबतीत जास्त दिलदार. ती शेतात महिनोन्‌महिने उभी असते, पानं गाळत राहते आणि खोल मुळांनी खालच्या थरात निसटलेलं नत्रही वर आणते. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी टाकणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

निसटतं म्हणजे कसं? पानं-मुळं कुजली की आधी अमोनियम तयार होतं. ते चिकणमातीच्या कणांना धरून बसतं. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि काळ्या मातीला नायट्रेट धरता येत नाही, कारण दोघांवर ऋण भार. मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर तापलेल्या जमिनीत हे काम जोरात चालतं. नेमकी त्या वेळी पिकाची मुळं बोटभरसुद्धा नसतात. पुढे जोराचा पाऊस झाला की नायट्रेट खाली वाहून जातं. वावरात पाणी तुंबलं तर हवेअभावी जिवाणू त्याचाच श्वास घेतात आणि नत्र वायू होऊन उडतं. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड, जो वजनाला वजन धरलं तर शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट तापवतो.

आणि आपला लाडका फेरपालट: सोयाबीननंतर हरभरा. पाणी-बाजाराच्या दृष्टीने चोख, पण नत्राच्या दृष्टीने मला तो जरा वाया गेलेला डाव वाटतो. जमिनीत तयार नायट्रेट मिळालं की हरभरा आपल्या गाठींना फारसं कामाला लावत नाही. बेवडाचं खरं गिऱ्हाईक ज्वारी किंवा गहू.